विश्लेषण : पाचगणीचा फ्रेडी मर्क्युरी आणि ‘क्वीन’चे चौघे, बँड जुळायला इतकी वर्षे का लागली?

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे नाव निघाले की फ्रेडी मर्क्युरीचा चेहरा समोर येतो. साताऱ्यातील पाचगणीच्या शाळेत शिकलेला हा पारशी मुलगा पुढे जगप्रसिद्ध गायक झाला, हे आता अनेकांना ठाऊक आहे. मात्र पाचगणीतील पहिल्या बँडमध्ये तो मुख्य गायक नव्हता. इंग्लंडमध्ये गेल्यावर आणखी दोन बँड करून झाले आणि ‘क्वीन’ सुरू झाल्यावरही वर्षभराच्या आत तीन बास गिटारवादक येऊन गेले. चौघांचा संच पक्का झाला तो १९७१ मध्ये. त्यानंतर फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २० वर्षे, तो मोडला नाही. हे कसे घडले?

फ्रेडी मूळचा कुठला?

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर झाला. वडील बोमी आणि आई जेर हे दोघेही गुजरातकडचे पारशी. आजचे वलसाड म्हणजे पूर्वीचे बलसार. बलसारा हे आडनाव त्यावरूनच आले. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि बोमी तेथील न्यायालयात रोखपाल म्हणून नोकरी करत होते. फारुखला काश्मिरा नावाची धाकटी बहीण होती.

झांझिबारमधील अनेक पारशी कुटुंबांप्रमाणे बलसारांनीही मुलाला शिक्षणासाठी भारतात पाठवायचे ठरवले. आठ वर्षांचा फारुख समुद्रमार्गे मुंबईला आला. तेथून वाई आणि पसरणीचा घाट ओलांडून तो पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलच्या वसतिगृहात दाखल झाला. शाळा इंग्रजी पद्धतीची होती. तेथेच त्याला सगळे फ्रेडी म्हणू लागले. आई-वडील हजारो किलोमीटर दूर असल्यामुळे सुट्ट्या बहुधा मुंबईतील नातेवाईकांकडे जात.

पाचगणीत काय घडले?

अभ्यासात तो फार चमकला नाही. टेबल टेनिस मात्र उत्तम खेळे, चित्रे चांगली काढी आणि पियानोवर ऐकलेली गाणी वाजवून दाखवी. त्याचा हात पाहून मुख्याध्यापकांनी पालकांना पत्र लिहिले आणि थोडी जास्त फी भरून मुलाला रीतसर संगीत शिकवावे, असे सुचवले. पालकांनी होकार दिला. पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने पाचगणीतच दिल्या. पुढे ‘क्वीन’च्या गाण्यांत पियानोला जे स्थान मिळाले, त्याची सुरुवात इथली.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळेतील पाच मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड सुरू केला. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फारंग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी असे ते पाच जण. त्या काळी भारतात पाश्चात्त्य गाणी कानावर पडण्याचे मोठे साधन होते रेडिओ सिलोन. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची लोकप्रिय गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. ब्रूस मरे मुख्य गायक होता. व्हिक्टरी राणा ड्रम्स वाजवी. फ्रेडी पियानोवर बसे आणि साथीला आवाज देई.

या पाच जणांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या पदापर्यंत पोहोचला. ब्रांच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला. इराणी पुण्यात हॉटेल व्यवसायात स्थिरावला. संगीतालाच आयुष्य वाहिले ते पियानोवाल्याने.

इंग्लंडमध्ये सुरुवात कशी झाली?

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली आणि हजारो अरब व भारतीयांचे बळी गेले. बलसारा कुटुंब मोजक्या सामानासह इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टहॅम या उपनगरात राहू लागले. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याने हीथ्रो विमानतळावर सामान वाहण्याचे काम केले, पुढे ईलिंग आर्ट कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका मिळवली.

या कॉलेजात टिम स्टाफेल नावाचा विद्यार्थी होता. तो ‘स्माइल’ या बँडचा गायक आणि बास गिटारवादक. त्याचे दोन साथीदार म्हणजे गिटारवर ब्रायन मे आणि ड्रम्सवर रॉजर टेलर. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. त्याने वडिलांच्या मदतीने, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून घरीच स्वतःची इलेक्ट्रिक गिटार बनवली होती. टेलर दंतवैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला आला होता. फ्रेडीची या तिघांशी दोस्ती झाली. टेलरबरोबर त्याने केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळाही चालवला. ‘स्माइल’च्या कार्यक्रमांना तो हजर असे आणि कसे गावे, मंचावर कसे वावरावे याबद्दल सूचना करत असे. पण त्या बँडमध्ये त्याला जागा नव्हती, कारण गायक आधीच होता.

म्हणून त्याने दुसरीकडे प्रयत्न केले. १९६९ मध्ये लिव्हरपूलकडच्या ‘आयबेक्स’ या बँडमध्ये तो गायक म्हणून गेला. २३ ऑगस्ट १९६९ रोजी बोल्टन शहरात तो त्यांच्याबरोबर गायला. काही महिन्यांत या बँडचे नाव बदलून ‘रेकेज’ झाले आणि थोड्याच दिवसांत तो थांबला. १९७० च्या सुरुवातीला ‘सावर मिल्क सी’ या बँडमध्ये त्याची निवड झाली. तोही काही आठवड्यांत संपला. एका कार्यक्रमात माइकचा स्टँड मधूनच निखळला आणि हातात आलेला वरचा दांडा घेऊनच तो गात राहिला, ही गोष्ट याच धडपडीच्या काळातील. तो अर्धा दांडा पुढे कायमची ओळख बनला.

‘लाइन-अप’ला एवढे महत्त्व का?

बँडमध्ये कोण काय वाजवतो, या संचाला लाइन-अप म्हणतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत ओलांडून चौफुल्याकडे गेले की कलाकेंद्रे लागतात. तेथील संगीतबारी ऐकणाऱ्या रसिकांना हे वेगळे सांगायला नको. पार्टीचे नाव तेच असले तरी ढोलकीवाला बदलला की लावणीची चाल बदलते, पेटीवाला नवा असला की गाणारणीला त्याचा अंदाज यायला वेळ लागतो. यात्रेच्या हंगामासाठी तमाशाची सुपारी देताना गावकरीही यंदा फडात कोण कोण आहे, हे आधी विचारतात.

रॉक बँडमध्ये तर माणसे आणखी कमी असतात. गायक, गिटार, बास गिटार आणि ड्रम्स एवढ्यांत काम भागवायचे असते. बास गिटारचे सूर खालचे असल्यामुळे सामान्य श्रोत्याचे तिकडे पटकन लक्ष जात नाही. मात्र ड्रम्सचा ठेका आणि गाण्याची चाल यांना बांधून ठेवण्याचे काम तीच करते. चांगला बासवाला स्वतः फारसा दिसत नाही, पण तो नसेल तर बाकीचे तिघे सुटे सुटे वाजवत असल्यासारखे वाटते. ‘क्वीन’ची सुरुवातीची अडचण नेमकी याच जागेवर होती.

‘क्वीन’मध्ये कोण आले, कोण गेले?

१९७० मध्ये टिम स्टाफेल ‘स्माइल’ सोडून दुसऱ्या बँडमध्ये गेला. गायक आणि बास गिटारवादक या दोन्ही जागा एकदम रिकाम्या झाल्या. गायकाची जागा फ्रेडीने घेतली. बँडचे नाव ‘क्वीन’ ठेवायचे, हा आग्रह त्याचाच. त्याच सुमारास त्याने बलसारा हे आडनाव सोडून मर्क्युरी हे नाव घेतले. चौघांच्या राशींची चिन्हे गुंफून बँडचे बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. कॉलेजातील ग्राफिक डिझाइन तेथे उपयोगी पडले.

बासच्या जागी प्रथम माइक ग्रोस आला. २७ जून १९७० रोजी टेलरच्या ट्रुरो या गावी रेड क्रॉसच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. त्याची जाहिरात आधीच ‘स्माइल’च्या नावाने झाली होती. काही कार्यक्रमांनंतर ग्रोस निघून गेला. ऑगस्टमध्ये बॅरी मिचेल आला आणि जानेवारी १९७१ मध्ये गेला. त्यानंतर डग बोगी आला. तो अवघे दोन कार्यक्रम टिकला. मंचावर तो सगळ्यांचे लक्ष स्वतःकडे ओढून घेत होता, असे कारण सांगितले जाते.

चौथा आला जॉन डीकन. वय १९ वर्षे, लंडनमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, अत्यंत अबोल. तो नीट वाजवत होता, यंत्रे दुरुस्त करू शकत होता आणि कुणाच्या पुढे पुढे करत नव्हता. मोठमोठ्याने वाद घालणाऱ्या तिघांना असाच माणूस हवा होता. रस्त्यावरच्या भंगारात सापडलेल्या सर्किट बोर्डपासून त्याने एक छोटा अॅम्प्लिफायर बनवला. ब्रायन मेने तो पुढे अनेक रेकॉर्डिंगमध्ये वापरला आणि गिटारमधून व्हायोलिन किंवा तुताऱ्यांसारखे आवाज काढले.

पहिला अल्बम रखडला कशामुळे?

१९७१ मध्ये लंडनमधील डी लेन ली स्टुडिओला नव्या यंत्रणेची चाचणी घ्यायची होती. त्यासाठी मोठ्या आवाजात वाजवणारा बँड हवा होता. ‘क्वीन’ने ती संधी साधली आणि मोबदल्यात पाच गाण्यांचे ध्वनिमुद्रण पदरात पाडून घेतले. पुढे ट्रायडंट या स्टुडिओच्या मालकांशी करार झाला. मात्र स्टुडिओ पैसे भरणाऱ्या नामवंत कलाकारांना आधी मिळे. ते गेल्यावर, बऱ्याचदा रात्री, उरलेल्या वेळेत या चौघांनी काम करायचे. कधी दोन तास मिळत, कधी पहाट होई. त्यामुळे एकेक गाणे तुकड्यातुकड्यांनी पूर्ण झाले.

तयार अल्बमही लगेच बाजारात आला नाही. ‘क्वीन’ या नावाचा हा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ रोजी ईएमआय कंपनीने प्रसिद्ध केला. त्यातील १० गाण्यांपैकी पाच फ्रेडीची होती. एक गाणे मे आणि स्टाफेल यांनी ‘स्माइल’च्या काळात लिहिलेले, म्हणजे बँड सोडून गेलेला गायक पहिल्या अल्बममध्ये गीतकार म्हणून उरलाच. वेष्टनावर जॉन डीकनचे नाव उलटे, ‘डीकन जॉन’ असे छापले गेले. पहिले सुटे गाणे ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत आलेच नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बमने काय बदलले?

‘क्वीन टू’ हा दुसरा अल्बम मार्च १९७४ मध्ये आला. तबकडीच्या दोन बाजूंना ‘ए’ आणि ‘बी’ऐवजी ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी नावे होती. पांढऱ्या बाजूवर मेची चार आणि टेलरचे एक गाणे. काळी बाजू पूर्णपणे फ्रेडीची. छायाचित्रकार मिक रॉकने काढलेले, अंधारातून वर आलेल्या चार चेहऱ्यांचे मुखपृष्ठ गाजले. हा अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेला आणि ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे गाणे दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

त्याच वर्षी ‘मॉट द हूपल’ या बँडच्या आधी वाजवण्यासाठी ‘क्वीन’ अमेरिकेला गेला. तेथे ब्रायन मेला हेपॅटायटिस झाला आणि दौरा अर्धवट टाकून परतावे लागले. पुढच्या अल्बमचे काम सुरू झाल्यावर त्याला अल्सरने पुन्हा रुग्णालयात नेले. नव्याने नाव होऊ लागलेल्या बँडसाठी ही मोठी कसोटी होती. बासवाले भराभर बदललेल्या या बँडने या वेळी मात्र दुसरा गिटारवादक आणला नाही. उरलेल्या तिघांनी गाणी वाजवून ठेवली आणि गिटारच्या जागा मोकळ्या सोडल्या; मे बरा होऊन आला आणि त्याने त्या भरल्या. नोव्हेंबर १९७४ मध्ये आलेला ‘शीअर हार्ट अटॅक’ हा तो तिसरा अल्बम. त्यातील फ्रेडीचे ‘किलर क्वीन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. डीकनने लिहिलेले पहिले गाणेही याच अल्बममध्ये आहे.

चौथा अल्बम निर्णायक का ठरला?

गाणी गाजत होती, पण हातात पैसे येत नव्हते. ट्रायडंटबरोबरच्या करारावरून वाद विकोपाला गेला आणि १९७५ मध्ये बँड त्यातून बाहेर पडला. एल्टन जॉनचे व्यवस्थापक जॉन रीड यांनी कारभार हाती घेतला. पुढचा अल्बम पडला असता तर बँड संपला असता, अशी वेळ होती.

नोव्हेंबर १९७५ मध्ये ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ आला. निर्मितीचा खर्च त्या काळाच्या मानाने प्रचंड होता. त्यातील ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हे फ्रेडीचे गाणे पाच मिनिटे ५५ सेकंदांचे. ते संथ सुरू होते, मध्ये ऑपेराचे वळण घेते आणि मग जोरदार रॉककडे जाते. ऑपेराच्या भागात मोठा गायकवृंद असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात गाणारे तिघेच, फ्रेडी, मे आणि टेलर. २४ ट्रॅकच्या टेपवर एकाच ओळीचे आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवून हा परिणाम साधला.

एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, अशी शंका कंपनीला होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट या निवेदकाने ते शनिवार-रविवारी अनेकदा वाजवले आणि दुकानांत विचारणा सुरू झाली. गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. काही तासांत चित्रित केलेल्या त्याच्या व्हिडिओत ‘क्वीन टू’च्या मुखपृष्ठावरचे चार चेहरे पुन्हा अवतरले.

मग चौघे टिकले कसे?

भांडणे झाली नाहीत असे मुळीच नाही. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे एक गाणे होते. तबकडी लाखोंनी खपली आणि मागच्या बाजूच्या गीतकारालाही पुढच्या बाजूइतकेच मानधन मिळाले. कुणाचे गाणे निवडायचे यावरून पुढे वर्षानुवर्षे कुरबुरी चालल्या.

तरीही एक गोष्ट या बँडच्या बाजूने होती. चौघेही गाणी लिहीत आणि चौघांचीही गाणी गाजली. मेने ‘वी विल रॉक यू’ लिहिले, फ्रेडीने ‘वी आर द चॅम्पियन्स’. अबोल डीकनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९८४ मधील ‘रेडिओ गा गा’ टेलरचे. त्यामुळे कुणीही केवळ साथीदार उरला नाही. शेवटी १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून सगळी गाणी चौघांच्या नावावर द्यायचे ठरले आणि वादाचे मूळच संपले. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात त्यांनी सुमारे २० मिनिटे गाजवली, तेव्हा हा संच १४ वर्षांचा जुना होता.

अखेरचा काळ कसा होता?

९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे फ्रेडीने बँडबरोबर शेवटची मैफल केली. पुढे त्याला एड्स असल्याचे निदान झाले. त्या काळी या आजारावर परिणामकारक उपचार नव्हते आणि रुग्णांकडे तिरस्काराने पाहिले जाई. वृत्तपत्रे मागावर असताना बाकीच्या तिघांनी ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथील स्टुडिओत, उभे राहणेही अवघड झालेले असताना, तो १९९१ मध्येही गात होता. नंतर उपयोगी पडतील म्हणून शक्य तितक्या ओळी त्याने रेकॉर्ड करून ठेवल्या.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी लंडनच्या घरी त्याचे निधन झाले. वय ४५ वर्षे. आयुष्यभर तो झांझिबार, पाचगणी किंवा बलसारा या नावाबद्दल क्वचितच बोलला होता. अंत्यसंस्कार मात्र पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. एड्सविरोधी कामासाठी त्याच्या नावाने मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टही उभा राहिला.

फ्रेडीनंतर ‘क्वीन’चे काय झाले?

माँट्रोत राखून ठेवलेला आवाज वापरून तिघांनी १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ हा अल्बम पूर्ण केला. मेच्या आजारपणात गिटारसाठी जागा सोडल्या होत्या; या वेळी आवाज तयार होता आणि वाद्ये भरायची होती. १९९७ नंतर जॉन डीकनने संगीतातून पूर्ण निवृत्ती घेतली. मे आणि टेलर यांनी पुढे पॉल रॉजर्स आणि त्यानंतर अॅडम लॅम्बर्ट या गायकांबरोबर दौरे केले. मात्र या कार्यक्रमांत गायकाचे नाव बँडच्या नावापुढे अधिकचे चिन्ह देऊन वेगळे लिहिले जाते. सुरुवातीला बासच्या जागी वर्षभरात चार जण बसवून पाहणाऱ्या ‘क्वीन’ने फ्रेडीची जागा कागदावर अजून कुणालाही दिलेली नाही.